घरच्या घरी बोंड, घरच्या घरी बोंब

पंढरपूर तालुक्यात राहून ऊस न लावणाऱ्याकडे लोक जरा काळजीनं बघतात. तुमच्याकडे तर शेतही नाही, नुसती गच्ची आहे. नाउमेद होऊ नका. फड्या निवडुंगाची लालभडक बोंडं पिकवायला पाळीचं पाणी, सोसायटीचं कर्ज, कारखान्याची तोड यातलं काहीच लागत नाही. एक चिमटा लागतो, आणि तो धरणारं घरातलं सोशिक माणूस.

1. रोप विकत घेऊ नका. नर्सरीतल्या रंगीत कुंडीतल्या निवडुंगाला बोंड धरेपर्यंत नातवंडांची लग्नं होतील. सांगोल्याकडे किंवा मंगळवेढ्याकडे एखादा माळ गाठा आणि म्हाताऱ्या माणसाला विचारा. पूर्वी गावोगाव याची कुंपणं असायची. कंपनी सरकारला किरमिजी रंग हवा होता, साहेबांचे लाल डगले रंगवायला. तो रंग देणारा किडा निवडुंगावर पोसतो, म्हणून अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासेत हा उद्योग मांडला. आला तो किडा भलत्याच जातीचा! रंग बेताचाच निघाला आणि पुढे निवडुंग मात्र माजला. मग तो मारायला 1926 च्या सुमारास सिलोनहून दुसरा किडा आणवला. म्हणजे तुमच्या हाती येणारा फडा दोन सरकारी योजनांतून वाचलेला आहे. चिवटपणाची याहून मोठी हमी कुठली नर्सरी देणार?

2. फडा वर्तमानपत्राच्या जाड घडीत धरून कापा. लांब काटे दिसतात, ते सज्जन. खरी मेख ठिपक्याठिपक्यांवरच्या पिवळसर झुबक्यांत आहे. ही कुसं केसाहून बारीक, उलट्या दातांची आणि नुसत्या स्पर्शानं सुटणारी. हातमोजे घालू नका. कुसं मोज्यात बिऱ्हाड करतात आणि महिन्याभरानं, तुम्ही दुसऱ्याच कामाला मोजे घातलेत की भेटतात.

3. कापलेला फडा आठवडाभर सावलीत वाळू द्या, जखम सुकली पाहिजे. या आठवड्यात सासूबाई सांगतील की दारात काटेरी झाड असू नये, वास्तूला बाधतं. वाद घालू नका. पुण्याच्या नाना पेठेत निवडुंग्या विठोबाचं देऊळ आहे आणि वारीत तुकोबांची पालखी तिथंच मुक्कामाला असते, एवढंच शांतपणे सांगा. पंढरपूरच्या घरात यावर उत्तर नाही.

4. काळी माती नको. ती पाणी धरून ठेवते आणि फडा बुडातून सडतो. मुरूम आणि विटांचा चुरा भरा. वाळू घालावी असं पुस्तकात असतं, पण चंद्रभागेत वाळू शोधायला जाऊ नका. ती कधीच कुणाच्या तरी स्लॅबात पोचली आहे.

5. पाणी देऊ नका. नवशिके इथंच हरतात. उजनीच्या कालव्याला आवर्तन सुटलं की आपल्याकडच्या माणसाचा हात आपोआप मोटारीच्या बटणाकडे जातो. हात आवरा. मे महिन्यात बेचाळीस अंशांत फडा सुरकुतला तरी गहिवरू नका. झाड दुष्काळी आहे, दुष्काळी भागात आहे आणि पाणी मागत नाही, म्हणूनच त्याला आजवर कुणी पीक मानलं नाही.

6. दोनतीन वर्षं थांबा. दरम्यान शेजारी सिमेंटचे खांब उभे करून, ठिबक टाकून, अनुदान घेऊन ड्रॅगन फ्रूट लावील. तेही निवडुंगाच्याच कुळातलं, पण त्याला खोका आहे, भाव आहे. तुम्ही फक्त हसा.

7. बोंडं गर्द लाल झाली की चिमट्यानं तोडा, गॅसच्या ज्योतीवर फिरवून कुसं जाळा, गोणपाटावर घोळसा, धुवा. एवढं करूनही चार कुसं राहतात. ती तुमची.

8. आता आस्वाद. दोन्ही टोकं कापा, उभी चीर द्या, साल उलगडा. आत जांभळट लाल गर आणि छर्‍यासारख्या बिया. घास तोंडात घोळवा, डोळे मिटा आणि दूरवर कलिंगडाची आठवण येते का पाहा. येत नसेल तर येते म्हणा, दोनतीन वर्षं घालवली आहेत. मग जिभेवर काहीतरी टोचेल. आता चिमटा आणि ते सोशिक माणूस बोलवा, बॅटरीच्या उजेडात जीभ बाहेर काढा. एकदम दहा बोंडं खाऊ नका, बियांमुळे पोट चक्का जाम होतं. आणि लघवी लालसर दिसली तर दवाखान्याकडे धावण्याआधी काल काय खाल्लं ते आठवा.

9. एकादशीला चालतं का? कुणी नाही म्हटलेलं आमच्या ऐकिवात नाही, तेव्हा चालतं.

10. चार वाऱ्यांपैकी एखादी तरी बोंडांच्या दिवसांत गाठ पडेलच. त्या वेळी घरात माणसं मावत नाहीत आणि द्वादशीला पारणं फेडूनही काहींचा पाय निघत नाही. अशांना बशीत एकेक बोंड द्या, प्रेमानं, आग्रह करून. सातव्या पायरीतलं गॅसचं काम त्या दिवशी जरा घाईत उरका. एसटी स्टँडवर जाणारी रिक्षा आधीच सांगून ठेवा.