शेवटच्या दारावरच्या चोरास

महाशय,

तुमचे नाव जाहीर झालेले नाही, म्हणून नुसतेच महाशय. पत्राच्या सुरुवातीला सप्रेम नमस्कार लिहायची आपल्याकडे रीत आहे. ती मी पाळत नाही, कारण तुमच्याविषयी माझ्या मनात प्रेम नाही आणि नमस्कार करावा असे तुमच्या हातून काही घडलेले नाही. २०२० सालच्या मे महिन्यात निम्मे जग घरात कोंडून बसले होते, तेव्हा टॉर या निनावी जाळ्याच्या बाहेर पडायच्या दारांची २३ टक्क्यांहून अधिक क्षमता तुमच्या एकट्याच्या मुठीत होती. ऐन भरात तुमचे तीनशे ऐंशी एक्झिट रिले चालू होते. नुसेनू या टोपणनावाने काम करणाऱ्या संशोधकाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तुमचा सगळा हिशेब मांडला, तेव्हा आम्हाला कळले की एवढी यंत्रे, एवढे भाडे आणि एवढा खटाटोप कशासाठी होता. लोकांचे बिटकॉइन वाटेत उचलण्यासाठी.

मी एका छोट्या गटाच्या एक्झिट रिलेची तक्रारपेटी सांभाळते. म्हणजे ज्या दारावर तुम्ही चोर म्हणून उभे होता, तशाच एका दारावर आम्ही राखणदार म्हणून उभे आहोत. हे पत्र त्या नात्याने लिहिते आहे.

वाचणाऱ्या इतरांसाठी थोडे सांगते, कारण हे पत्र खुले आहे. टॉरमधून जाणारी मागणी तीन पदरांत गुंडाळून तीन वेगवेगळ्या यंत्रांवरून जाते. ही यंत्रे बहुतेक स्वयंसेवकांची. पहिल्याला कळते की मागणी कोणाकडून आली, पण ती कुठे निघाली ते कळत नाही. तिसऱ्याला, म्हणजे एक्झिट रिलेला, कळते की कुठे जायचे आहे, पण पाठवणारा कोण ते कळत नाही. मधला दोघांना एकमेकांपासून लांब ठेवतो. तिसऱ्याच्या दारातून बाहेर पडले की पुढचा रस्ता साध्या इंटरनेटचा. समोरची वेबसाइट एचटीटीपीएसने बोलत असेल तर एक्झिट चालवणाऱ्यालाही आतला मजकूर वाचता येत नाही. साध्या एचटीटीपीने बोलत असेल तर सगळे उघडे. हे टॉरवाल्यांनी कधी लपवलेले नाही, पहिल्यापासून ते सांगत आले आहेत.

झवेरी बाजारातला अंगडिया सीलबंद पुडके घेऊन गावोगाव जातो, आणि तो ते उघडत नाही एवढ्या एका भरवशावर त्याचा पिढीजात धंदा उभा असतो. तुम्ही शेवटच्या टप्प्याचे अंगडिये होऊन उभे राहिलात आणि पुडक्यावरचे नाव खोडून स्वतःचे घातलेत.

ते कसे केलेत तेही लोकांना कळू द्या. माणूस ब्राउझरमध्ये वेबसाइटचे नाव टाकतो. पुढे एचटीटीपीएस लिहायचे कोणाच्या लक्षात असते? पहिली मागणी साध्या रस्त्याने जाते. वेबसाइटचा सर्व्हर उत्तर देतो की इथून नको, सुरक्षित रस्त्याने ये. ते उत्तर तुम्ही मध्येच गिळलेत. सर्व्हरशी तुम्ही सुरक्षित बोलत राहिलात आणि वापरणाऱ्याशी उघडे. पान जसेच्या तसे दिसते, रंग तेच, बटणे तीच, फक्त वरचे कुलूप नाही. ही युक्तीही तुमची नव्हे. मॉक्सी मार्लिनस्पाइकने २००९ मध्ये ब्लॅक हॅट परिषदेत ती जाहीरपणे दाखवली होती, वेबसाइटवाल्यांनी जागे व्हावे म्हणून. तुम्ही तिची घरफोडीची पहार केलीत. त्या उघड्या पानावर बिटकॉइनचा पत्ता असतो: तिशीच्या पुढची अक्षरे आणि आकडे, काही अर्थ न लागणारे, कोणी पूर्ण न वाचणारे. त्या जागी तुम्ही स्वतःचा पत्ता ठेवलात. पाठवणाऱ्याने बटण दाबले की संपले. इथे बँकेचा मॅनेजर नाही, फिरवून घेण्याची सोय नाही, तक्रार करायची तर कोणाविरुद्ध करणार?

निवडही कशी बारीक. बिटकॉइनशी संबंधित ठरावीक वेबसाइट, त्यातही मुख्यत्वे माग लागू नये म्हणून लोकांचे बिटकॉइन एकमेकांत मिसळून देणाऱ्या सेवा. बाकीची सगळी रहदारी तुम्ही सज्जनासारखी सोडून दिलीत. कोणी तपासायला येऊन बातमीची वेबसाइट उघडली तर तुमचे दार स्वच्छ. ज्याचा खिसा कापायचा त्याच्यापुरताच तुमचा हात बाहेर यायचा.

आता एक्झिट रिले खरा कसा चालवतात ते ऐका. तुम्हाला ते सगळे येत असणार, तीनशे ऐंशी उभे केलेत. तरी ऐका, कारण त्यातल्या एकेका ओळीमागे काय आहे ते तुम्ही पायदळी तुडवले आहे.

टॉर नुसते बसवले की यंत्र एक्झिट होत नाही. सेटिंगच्या फायलीत मुद्दाम तसे लिहावे लागते, आणि ती ओळ लिहिण्याआधी माणसाने विचार करायचा असतो. घरच्या इंटरनेटवर एक्झिट कधीही चालवायचा नाही, हा पहिला नियम. जगातल्या कोणीही त्या दारातून जाऊन काहीही केले की समोरच्याच्या नोंदीत आयपी पत्ता तुमचा उमटतो. पोलीस त्या पत्त्यावर येतात आणि घरातले सगळे संगणक उचलून नेतात. म्हणून वेगळा सर्व्हर घ्यायचा, त्याला वेगळा आयपी पत्ता, आणि होस्टिंग कंपनीला आधी स्पष्ट विचारायचे की आम्ही इथे टॉर एक्झिट चालवणार आहोत, चालेल का? बऱ्याच कंपन्या नाही म्हणतात. हो म्हणणारी मिळाली की त्या आयपी पत्त्याचे उलट शोधल्यावर दिसणारे नाव असे ठेवायचे की वाचणाऱ्याला लगेच कळावे, हा टॉरचा एक्झिट आहे. कोणी तो पत्ता ब्राउझरमध्ये उघडला तर समोर एक साधे पान यावे: इथे काय चालते, आमच्याकडे कोणाच्या नोंदी का नाहीत, संपर्क कुठे करायचा.

मग एक्झिट पॉलिसी, म्हणजे कुठली दारे उघडी ठेवायची आणि कुठली बंद. ईमेल पाठवायचा पंचवीस नंबरचा पोर्ट मुळातच बंद असतो, नाहीतर स्पॅमवाले एका रात्रीत तो पत्ता जगभरच्या काळ्या यादीत नेऊन बसवतील. नव्याने सुरू करणाऱ्याने मर्यादित पॉलिसी घ्यावी, तक्रारी कमी होतात. नावांचे पत्ते शोधायचे काम एखाद्या बड्या कंपनीच्या सर्व्हरकडे सोपवू नये, स्वतःचा रिझॉल्व्हर चालवावा. नाहीतर कोण कुठे जाते याचा ढीग त्या एका कंपनीकडे साचतो. आणि वाहणाऱ्या मजकुराकडे बघायचे नाही. नोंद ठेवायची नाही, कुतूहल म्हणूनसुद्धा नाही.

एवढे केले तरी तक्रारी येतातच. आमच्या पेटीत येणारे पत्र साधारण असे असते: कुठल्या तरी यंत्राने आपोआप पाठवलेले, वर आमचा आयपी पत्ता, सेकंदापर्यंतची वेळ, खाली लॉगिनच्या फसलेल्या प्रयत्नांच्या ओळीवर ओळी. शेवटी धमकी, चोवीस तासांत कारवाई करा. प्रत्येक पत्राला उत्तर द्यावे लागते, आणि सभ्यपणे. हा टॉरचा एक्झिट आहे, आमच्याकडे मूळ माणसाची माहिती नाही आणि असू शकत नाही. तुम्हाला हवे असेल तर टॉर एक्झिटची यादी जाहीर आहे, ती अडवा. किंवा तुमचा पत्ता सांगा, आम्ही आमच्या पॉलिसीत तुमच्या सर्व्हरकडे जाणारी वाट बंद करतो. बहुतेकदा समोरून माणूस उत्तर देतो आणि प्रकरण मिटते. उत्तर द्यायला आळस केला तर होस्टिंग कंपनी सर्व्हर बंद करते.

यात नीट पाहिले तर एक गोष्ट दिसते, आणि मला तुमच्याशी भांडायचे ते याच गोष्टीवरून. निनावी जाळ्यात सर्वांत कमी निनावी माणूस एक्झिटवाला असतो. जाणारा निनावी राहावा म्हणून तो स्वतःचे नाव, पत्ता, ईमेल दारावर लावून उभा राहतो. मॉस्कोचे गणिताचे शिक्षक दिमित्री बोगातोव यांना एप्रिल २०१७ मध्ये अटक झाली, कारण दुसऱ्या कोणी तरी लिहिलेला मजकूर त्यांच्या एक्झिटच्या आयपी पत्त्यावरून गेला होता. आरोप दहशतवादाला चिथावणी दिल्याचा. काही महिने कोठडी, मग नजरकैद, आणि आरोप मागे घेतले गेले ते २०१८ मध्ये. एका शिक्षकाने आपल्या आयुष्याचे वर्ष दिले, त्याच दारावर उभे राहून तुम्ही पत्ते बदलत होता.

सेटिंगच्या फायलीत मायफॅमिली नावाची एक ओळ असते. एकाच माणसाचे अनेक रिले असतील तर त्याने ते सगळे एकमेकांचे नातेवाईक म्हणून जाहीर करायचे. मग टॉर एका माणसाचे दोन रिले एका वाटेवर येऊ देत नाही. नाहीतर पहिला आणि शेवटचा पदर एकाच हातात जातो आणि कोण कुठे गेले ते जुळवता येते. ही ओळ कोणी जबरदस्तीने भरून घेत नाही, ती प्रामाणिकपणावर सोडलेली आहे. तुम्ही ती खरी भरली नाहीत. त्या प्रामाणिकपणाची फट तुम्हाला बरोबर सापडली.

तुम्ही पहिले नाही हे मान्य. २००७ मध्ये स्वीडनच्या डान एगरस्टाडने पाच एक्झिट चालवून नुसते ऐकले, आणि जगभरच्या दूतावासांची आणि सरकारी संस्थांची शंभर ईमेल खाती पासवर्डसकट छापून टाकली. त्यात भारतीय दूतावास होते, संरक्षण संशोधन संस्था होती, खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीही होती. ते पासवर्ड शेवटच्या दारातून उघडे वाहत होते, आणि आपल्याकडे यावरून जी चर्चा व्हायला हवी होती ती झाली नाही.  त्याने जे केले ते मला पटत नाही, पण निदान त्याने ते आपल्या नावाने केले. २०१४ मध्ये स्वीडनच्याच कार्लस्टाड विद्यापीठातल्या फिलिप विंटर आणि स्टेफान लिंडस्कोग यांनी सगळे एक्झिट एकेक करून तपासले, तेव्हा पासष्ट बिघडलेले किंवा खोटे निघाले. त्याच वर्षी रशियातला एक एक्झिट सापडला, जो उतरवून घेतलेल्या विंडोजच्या प्रोग्रामना वाटेतच विषाणू जोडून देत होता. तुमची परंपरा ही आहे.

बिटकॉइन मिसळणाऱ्यांचे पैसे गेले तर रडायचे कशाला, असे काही लोक म्हणतात. मी म्हणत नाही. तो पैसा कोणाचा होता हे तुम्हाला ठाऊक नव्हते आणि मलाही नाही. पण त्याच दारातून बातमीदार जातात, नवऱ्याच्या मारापासून पळालेली बाई वकिलाचा पत्ता शोधते, बंदी असलेल्या देशातला विद्यार्थी बातमी वाचतो. तुमच्या बातमीनंतर यांना लोक सांगू लागले की टॉर धोक्याचे आहे, नका वापरू. त्यांचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. त्यांची वाट घेतलीत.

तुम्हाला तीनदा हाकलले. टॉरच्या डिरेक्टरी सर्व्हरांनी तुमचे रिले यादीतून काढले आणि तुम्ही पुन्हा नवे घेऊन आलात. २०२१ च्या सुरुवातीला तुमची मजल २७ टक्क्यांवर गेली. ही टॉरचीही हार आहे, ते मी झाकत नाही. नवा आलेला रिले ओळखीचा आहे की नाही हे पाहण्याची पक्की व्यवस्था नव्हती, आणि स्वयंसेवकांच्या भरवशावर चालणाऱ्या जाळ्यात ती उभी करणे सोपेही नाही. पण तुमची युक्ती मात्र आता शिळी झाली आहे. जुलै २०२२ पासून टॉर ब्राउझर मुळातच एचटीटीपीएसशिवाय पान उघडत नाही, आधी धोक्याची पाटी दाखवतो. वापरणाऱ्यांना मी एवढेच सांगते: ती पाटी आली की पुढे जाऊ नका. साध्या एचटीटीपीवर पासवर्ड टाकू नका. डाउनलोड केलेल्या फायलीची सही तपासा. आणि ज्या वेबसाइटचा कांद्याचा, म्हणजे टॉरच्या आतच उघडणारा .onion पत्ता आहे तिथे तोच वापरा. बीबीसीने २०१९ मध्ये असा पत्ता सुरू केला. त्या वाटेवर एक्झिट लागतच नाही, तुमच्यासारख्याला उभे राहायला जागाच नाही.

राहिलेले रिले असतील तर आज बंद करा. तुमचे एकूण किती होते, कुठल्या कंपन्यांकडे होते, कोणत्या तारखेपासून होते, ते टॉरच्या लोकांना लिहून कळवा, म्हणजे पुढचा ओळखायला त्यांना सोपे जाईल. त्यासाठी नाव सांगायची गरज नाही, निनावी पत्र पाठवायची सोय याच जाळ्याने तुम्हाला दिली आहे. आणि पैसे परत करायचे मनात आले, तर ते कुठे जायचे होते ते पत्ते तुमच्याकडे आहेत. तुम्हीच ते खोडले होते.