चक्रधर

सहकारनगरातल्या आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण तिथून ते फारसं खाली उतरलेलं नाही. घरात रेकॉर्ड प्लेअर तीन, म्हणून पोरांनी त्यांना 'चक्रधर' म्हणायला सुरुवात केली आणि काकांनीही ते नाव मनावर घेतलं. उभी हयात पिंपरीच्या एका कारखान्यात बेअरिंगं तपासण्यात गेली. निवृत्तीनंतर लोक नर्मदा परिक्रमेला जातात, ज्ञानेश्वरी वाचायला घेतात. काकांनी बेअरिंगंच पुढे चालू ठेवली, फक्त आता ती रेकॉर्ड प्लेअरची.

काकांना गाण्याचं वेड आहे असा सगळ्यांचा समज आहे. काकांना वेड आहे ते तंबोऱ्याचं, आणि तेही गायक तोंड उघडेपर्यंत. कारण तांत्रिक आहे. तबकडीचा वेग केसभर जरी कमीजास्त झाला तरी लांबवर टिकणाऱ्या स्वरात तो थरथरतो आणि कानाला सापडतो. जलद तान चालू असताना ही थरथर लपते, तंबोऱ्यात लपत नाही. त्यामुळे काका रेकॉर्ड लावतात, पहिलं अर्धं मिनिट डोळे मिटून ऐकतात आणि गायकाने षड्ज लावला रे लावला की सुई उचलतात. किशोरीताईंची, कुमारांची, वसंतरावांची अशी भरलेली कपाटं त्यांच्याकडे आहेत आणि प्रत्येक रेकॉर्डच्या कडेचा अरुंदसा पट्टा त्यांना तोंडपाठ आहे. अंतरा कसा असतो हे त्यांनी बहुधा रेडिओवर ऐकलं असावं.

प्लेअरमध्येही घराणी असतात, हे मला काकांकडे कळलं. पहिलं पट्ट्याचं. मोटर बाजूला बसवायची आणि रबरी पट्ट्याने तबकडी फिरवायची, म्हणजे मोटरची थरथर पट्ट्यातच विरते. या घराण्याचं दैवत म्हणजे ग्लासगोच्या लिन कंपनीचा एलपी12. गेली पन्नास वर्षं तो बनतो आहे आणि पन्नाशीला कंपनीने अ‍ॅपलच्या माजी डिझायनर जॉनी आयव्हच्या चमूकडून त्याचं रूप थोडं सुधारून घेऊन 250 नग काढले, किंमत पन्नास हजार पौंड. दुसरं घराणं जपानी. त्यात पट्टा वगैरे भानगडच नाही, तबकडी थेट मोटरवरच. तिसरं सगळ्यात जुनं, रबरी चाक तबकडीच्या आतल्या कडेला टेकवून तिला फिरवणारं. इंग्लंडच्या गॅरार्ड 301 चं नाव निघालं की काका कानाच्या पाळीला हात लावतात. त्यांच्याकडे तो नाही. चोरबाजारात एकदा दिसला होता, पण भाव ऐकून ते नुसता त्याच्या तबकडीवरून हात फिरवून परत आले.

लिन काकांना भाच्याने लेस्टरहून आणून दिला, अर्थातच वापरलेला. त्याची आतली चौकट तीन स्प्रिंगांवर तरंगते. मधोमध दाबून सोडली की ती सरळ वरखाली हलली पाहिजे, तिरकी हलली तर दिवस फुकट. हे दाबणं-सोडणं काका रोज सकाळी करतात आणि काकू तेवढ्या वेळात पूजा आटपतात. विलायतेत लाकडी जमिनी, माणूस चालला की स्प्रिंगा डुलतात आणि सुई उडते, म्हणून तिकडे जपून चालावं लागतं. आपल्याकडे काँक्रीटचा स्लॅब, त्यावर शहाबादी फरशी. हत्ती चालला तरी लिनला पत्ता लागणार नाही. तरीही काकांच्या दिवाणखान्यात पाहुण्यांनी अनवाणी आणि चवड्यांवर चालावं असा दंडक आहे. शिवाय प्लेअरखाली ओट्याच्या कामातून उरलेला कडाप्पा, आणि कडाप्प्याखाली टेनिसचे अर्धे कापलेले चेंडू.

जपानी घराण्यातला टेक्निक्सचा एसएल-1200 त्यांनी स्वतःच्या पैशांनी घेतला, पण त्याच्याविषयी बोलताना त्यांचा आवाज जरा खाली येतो. जगभर हे यंत्र डीजे लोकांनी डोक्यावर घेतलं आणि पुण्यात डीजे म्हणजे काय हे विसर्जनाच्या रात्री खिडकीची तावदानं सांगतात. 1972 साली हा प्लेअर घरी बसून शांतपणे गाणं ऐकणाऱ्यांसाठीच निघाला होता, डीजेंना तो नंतर सापडला, हा खुलासा काका दर अनंत चतुर्दशीला न चुकता करतात. ढोलताशांत तो कुणाला ऐकू जात नाही ही गोष्ट वेगळी.

मुख्य सोहळा तुलनेचा. तो बहुतेक एप्रिलच्या दुपारी असतो, कारण तेव्हा नातवंडांच्या परीक्षा संपलेल्या नसतात. पंखा बंद, कारण पंख्याची घरघर. खिडक्या बंद, कारण धूळ. मग सराफी तराजूवर सुईचा भार तोलायचा. एक पूर्णांक आठ ग्रॅम. ज्या रेकॉर्डवर ही एवढी नाजूक सुई टेकणार ती जुन्या बाजारातून आणलेली असते. आधीच्या मालकाने ती पाच-सहा ग्रॅमच्या बोथट सुईखाली वर्षानुवर्षं किसलेली असते आणि खोबणीत जे उरलेलं नाही ते कुठल्याच घराण्याला वाजवता येत नाही. हे काकांना सांगणारा अजून जन्मलेला नाही.

आधी लिनवर तंबोरा, मग टेक्निक्सवर तोच तंबोरा. "बोल, काय फरक वाटला?" इथे "दोन्ही छान आहेत" म्हणणाऱ्याला पुन्हा बोलावणं येत नाही. मी "दुसऱ्यात स्वरांच्या मागे जरा जास्त अंधार आहे" असं म्हणतो. त्याचा अर्थ मला ठाऊक नाही, पण त्यावर चहाबरोबर चकली येते.

खरी पारख काकूंची. त्या स्वयंपाकघरात, पाठ दिवाणखान्याकडे, आणि तिथूनच म्हणतात, "अहो, आत्ता जपानी लावलाय ना?" कधीच चुकत नाहीत. काका त्यांच्या कानावर इतके खूश की येईल त्याला सांगतात. मी एकदा काकूंना गुपित विचारलं. म्हणाल्या, "अरे, कान कसला? जपानी प्लेअर कळ दाबली की क्षणात वेग घेतो, हे लगेच सुई टेकवतात. विलायती लावला की हे थांबतात, चष्मा पुसतात, मग सुई. मी चष्म्याच्या डबीचा आवाज ऐकते." त्यांनी हे काकांना सांगितलेलं नाही.

तिसऱ्या प्लेअरची कथा जरा नाजूक आहे. तो न्यू जर्सीहून आला, पट्ट्याचाच, विजेच्या ठेक्यावर चालणाऱ्या मोटरचा. तिकडे वीज 120 व्होल्टची, म्हणून काकांनी ट्रान्सफॉर्मर लावला. पण ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, विजेची आवर्तनं बदलत नाही. तिकडे सेकंदाला 60, इकडे 50. मोटर बिचारी इथल्या ठेक्याने फिरू लागली आणि सव्वातेहेतीस-साडेतेहेतीसच्या दरम्यान फिरायची ती तबकडी अठ्ठावीसच्याही आत आली. काका बेअरिंगवाले. वेग तपासल्याशिवाय ते राहणार नाहीत. त्यांनी प्लेअरबरोबर आलेली रेघांची चकती ठेवून ट्यूबलाइट लावली. वेग बरोबर असला की त्या प्रकाशात रेघा स्थिर दिसतात. रेघा जागच्या हलेनात. हलतील कशा? चकतीही अमेरिकन, 216 रेघांची. आपल्या विजेला 180 रेघांची लागते. दोन चुकांनी एकमेकींना मिठी मारली आणि काकांनी प्लेअर पास केला.

पुढे महिनाभर त्यांनी या प्लेअरचं कौतुक करून सोसायटी पेटवली. "काय भारदस्तपणा आहे! काय ऊब! डिजिटलवाल्यांना हे सात जन्मात कळायचं नाही." तंबोरा संथ, खोल, गुहेतून आल्यासारखा. त्या आनंदात एकदा त्यांच्या हातून सुई उचलायची राहिली आणि बाई गायला लागल्या. पहिल्या मजल्यावर पेटी शिकवणारे गुरुजी जिना चढत होते ते तिथेच थांबले. आत आले, म्हणाले, "ही रेकॉर्ड माझ्याकडे आहे. बाई काळी चारमध्ये गातात. तुमच्याकडे पांढरी चारच्याही जराशा खालीच आहेत. तब्येत बरी नाही का त्यांची?"

काका दोन दिवस गच्चीवरही दिसले नाहीत. तिसऱ्या दिवशी मोटरच्या दांड्यावर मोठी पुली बसवलेली होती, बाई काळी चारमध्ये परतल्या होत्या, आणि काकांचं मत असं झालं होतं की यंत्र आता अचूक आहे, पण ती ऊब गेली.

या कोजागिरीला गच्चीवर दूध आटत असताना विषय निघाला केसरबाई केरकरांचा. 1977 साली नासाने व्हॉयेजर यानांतून सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी अंतराळात पाठवली, तीत केसरबाईंची भैरवी आहे, आणि कुणाला सापडलीच तर वाजवता यावी म्हणून सोबत कार्ट्रिज आणि सुईही ठेवली आहे. पोरं वर चंद्राकडे बघायला लागली. एका आजींचे डोळे भरून आले. काका मात्र अस्वस्थ होते.

"वेग किती?"

"मिनिटाला सोळा पूर्णांक दोन तृतीयांश फेरे," मी म्हणालो.

"ते ठीक आहे. तिथे पन्नास-साठची भानगड नाही. कुणी चालणार नाही, पंखा नाही, धूळही बेताची." त्यांनी दुधाचा पेला खाली ठेवला. "पण कार्ट्रिज एकच ठेवलंय म्हणतोस? अरे, मग ते लोक तुलना कशाशी करणार?"

"यानं दोन गेली आहेत, काका. दोन्हींत एकेक आहे."

काकांचा चेहरा उजळला, आणि लगेच पडला.

"कंपनी एकच असेल रे."