एका दिवसात जिल्हा

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणत पाहुण्यांना घेऊन जीप काढली. चारठाण्याच्या प्राचीन कोरीव खांबाला टेकून भाऊजींनी फोनवर सोयाबीनचा भाव विचारला; कोरीव काम मागे, फोटोत भाऊजी पुढे. पाथरी म्हणजे साईबाबांचं जन्मस्थान, असा दावा. याच दाव्यावरून जानेवारी २०२० मध्ये शिर्डीकरांनी गाव बंद ठेवलं होतं. आमच्या मंडळींचा वाद मात्र जेवण आधी की दर्शन, एवढाच. जेवण जिंकलं. (ठेचा खरंच फर्मास होता.) संध्याकाळी गंगाखेड, संत जनाबाईंचं गाव. जनीचं जातं म्हणे साक्षात विठ्ठलाने ओढलं. इथे वन्संना उतरायला जीपचं अडलेलं दार ओढायला एक भाविक जागचा हलेना. तरी रात्री स्टेटस पडलं: ‘अख्खी परभणी पाहिली!’