दोराच्या टोकाला गाठ नव्हती

दादा,

बॅचमधले सगळे तुम्हाला याच नावाने हाक मारतात, मीही मारत होते. अपघातानंतर तुम्ही टाकलेली पोस्ट मी हॉस्पिटलच्या पलंगावर पडून वाचली. ‘सह्याद्री कधी कधी परीक्षा पाहतो’ अशी तिची सुरुवात. मग धुकं, शेवाळलेला कातळ, एका सहभागी मुलीचा गेलेला तोल, तुमच्या टीमचं प्रसंगावधान, महाराजांचा जयघोष, आणि शेवटी पुढच्या शनिवारच्या लिंगाण्याच्या बॅचसाठी नाव नोंदवायचा नंबर.

धुकं सकाळी होतं. मी उतरले ते दुपारी, लख्ख उन्हात. माझा तोल गेला नव्हता. मी दोरावर होते आणि दोर संपला. ‘तोल गेला’ म्हटलं की चूक माझी ठरते, ‘दोर संपला’ म्हटलं की तो लावणाऱ्याची. तुम्ही कोणतं वाक्य निवडलंत ते हजारो लोकांनी वाचलं, म्हणून हे उत्तरही सगळ्यांसमोर.

वाचणाऱ्यांसाठी क्रमाने सांगते. आपण चढलो त्या सुळक्याच्या माथ्यावर जेमतेम दहाजण धड उभे राहू शकतात. तुम्ही दोन गाड्या भरून माणसं आणली होती. दुपार कलायला लागली तेव्हा एका दोरावरून एवढी माणसं अंधाराआधी खाली पोहोचणार नाहीत, हे तुमच्या लक्षात आलं. हे गणित गाड्या भरताना करायचं असतं. तुम्ही ते माथ्यावर केलंत, आणि उत्तर म्हणून शेजारच्या बोल्टवरून दुसरा दोर सोडलात. लांब दोर पहिल्या लाइनला गेला होता. दुसऱ्या लाइनला जो उरला तो आखूड होता. सुळक्याच्या मध्यावर कातळ पोटासारखा बाहेर आलाय, त्यामुळे वरून पायथा दिसत नाही. त्या दोराचं टोक जमिनीला टेकलंय की नाही हे बघायला तुमच्यापैकी कोणी आधी उतरलं नाही. खालच्याला हाक मारून विचारलंही नाही. त्या लाइनवर पहिलं मला पाठवलंत.

दोर आखूड असणं एवढ्यानेच माणूस पडत नाही. दोर आखूड पडू शकतो, हातातून सुटूही शकतो हे चढाई करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं, म्हणून तर तीन उपाय नव्या मुलांना पहिल्याच सरावात शिकवले जातात. दोराच्या मोकळ्या टोकाला जाड गाठ मारायची, म्हणजे दोरावरून उतरायचं साधन, डिसेंडर, तिथे अडतं आणि माणूस लटकून राहतो. डिसेंडरच्या जोडीला प्रुसिकची दोरी गुंडाळायची, म्हणजे हात सुटला तरी ती दोराला आवळून धरते. आणि खाली एक माणूस दोर हातात घेऊन उभा करायचा. त्याने दोर ताणला की उतरणारा जागच्या जागी थांबतो, आणि दोर खाली पोहोचलाच नसेल तर हेही त्यालाच सगळ्यांत आधी कळतं. टोकाला गाठ असती किंवा खाली दोर धरायला माणूस असता तरी मी आज दोन पायांवर सरळ चालले असते. गाठीला दहा सेकंद लागतात आणि एक रुपयाही लागत नाही.

उतरताना खाली बघायचं हे मला शिकवलेलं आहे, आणि मी बघत होते. कातळाच्या पोटाखाली येईपर्यंत टोक दिसण्यासारखं नव्हतं. ते दिसलं त्याच क्षणी ते माझ्या हातमोज्यातून सरकलं. तिथून खालचा खडकाळ टप्पा साधारण चार मीटर, म्हणजे घराच्या एका मजल्याहून थोडा जास्त. चार मीटरवरून पडणारा माणूस जमिनीवर पोहोचतो तेव्हा त्याचा वेग ताशी 30 किलोमीटरच्या वर गेलेला असतो. मी उभी पडले, दोन्ही टाचांवर, आणि जास्त भार उजवीवर आला.

आता टाचेबद्दल थोडं, कारण तुमच्या पोस्टमध्ये ‘पायाला किरकोळ दुखापत’ असं लिहिलंय. टाचेच्या हाडाला बाहेरून पातळ टणक कवच असतं आणि आतून ते सच्छिद्र असतं. उंचावरून उभं पडलं की घोट्यातलं वरचं हाड पाचरीसारखं त्यात घुसतं आणि टाच फुटून रुंद होते. तोच धक्का पाय, मांड्या, कमरेचं हाड यांतून वर चढतो. म्हणून टाच फुटलेल्या माणसाचा कणाही तपासतात. माझा कमरेचा पहिला मणका दबलेला निघाला. ज्या धक्क्याने टाच फुटते त्याने मणका दबलाच तर बहुतेकदा हा किंवा याच्या वरचा दबतो. तो आणखी थोडा दबून मागे सरकला असता तर हे पत्र मी व्हीलचेअरवर बसून लिहिलं असतं.

टाचेचं ऑपरेशन लगेच करता येत नाही. तिथली कातडी पातळ असते, सूज प्रचंड येते, आणि सुजलेल्या कातडीवर टाका घातला तर जखम चिघळते. कातडीवर पुन्हा सुरकुत्या दिसेपर्यंत सर्जन थांबतात. मग प्लेट आणि स्क्रू, आणि त्यानंतर दोन ते तीन महिने तो पाय जमिनीला टेकवायचा नाही. पाठीला पट्टा. या काळात माणूस पाण्याच्या ग्लासासाठीही दुसऱ्याचा हात शोधतो. माझी आई सत्तरीची आहे. मला बाथरूमपर्यंत न्यायला ती रात्री उठायची.

पाय टेकवल्यानंतर खरी कसोटी सुरू झाली. पायाच्या बोटांनी जमिनीवरचा टॉवेल गोळा करायचा, रबरी पट्टा ओढत पाऊल आत-बाहेर वळवायचं, एका पायावर तोल सांभाळायचा. सपाट रस्त्यावर मी आता बऱ्यापैकी चालते. पण घोट्याच्या खाली जो सांधा असतो, पाऊल डावीकडे-उजवीकडे कलवणारा, तोच या फ्रॅक्चरमध्ये आखडतो. खडबडीत जमिनीवर, घसाऱ्यावर, तिरक्या कातळावर पाऊल नीट बसवायचं काम तो सांधा करतो. शहरातल्या फुटपाथवर त्याची उणीव फारशी जाणवत नाही. गडाच्या वाटेवर मात्र प्रत्येक पावलाला जाणवते. पंधरा वर्षांची असल्यापासून जिथे जायची मला ओढ आहे, नेमकं तिथलंच चालणं या दुखापतीने अवघड केलंय.

तुमच्या टीमच्या प्रसंगावधानाबद्दलही बोलू. मी पडल्यावर तुमच्या एका मुलाने माझ्या काखेत हात घालून मला बसवायला सुरुवात केली. पायथ्याच्या वाडीतला एक तरुण गुरांमागे तिथे आला होता, तो ओरडला, “ताईला वाकवू नका, तसंच राहू द्या.” पाठ दुखावलेल्या माणसाला आडवं, सरळ ठेवायचं हे त्याला माहीत होतं, तुमच्या टीमला नव्हतं. त्यानेच वाडीतून माणसं आणली, दोन बांबू आणि घोंगडीची डोली केली, आणि खालच्या घळीतून, जिथे रिकाम्या हातांनीही जपून उतरावं लागतं, मला डांबरी सडकेपर्यंत नेलं. 108 ची गाडी तिथवरच येते. त्या वाटेवर तुम्ही माझ्या शेजारून चालत होतात आणि मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होतात, की पोलिसांत पाय घसरला असंच सांगूया. त्या वेळी माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. म्हणून आता सांगते.

सुळक्याचं नाव मी या पत्रात लिहिलेलं नाही, कारण त्याचा दोष नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्ह्याचा हा दगड आहे. काही थर घट्ट, काही पोकळ भोकांचे, मध्येच तांबड्या मातीचा पट्टा. पावसाळा संपला की पकडलेला दगड हातात येतो, जुन्या मेखा गंजलेल्या असतात, आग्यामोहोळं असतात. कातळ फसवू शकतो, म्हणून तर दोर असतो, हेल्मेट असतं, दोन बोल्टांचा अँकर असतो. त्या दुपारी कातळातून एक खडाही निसटला नव्हता. अँकरही जागचा हलला नव्हता. डोंगराने त्याचं काम केलं होतं.

त्याच दिवशीच्या तुमच्या रीलमध्ये मला आणखी एक गोष्ट दिसली. एक कोवळा मुलगा पांढऱ्या स्टॅटिक दोरावर लीड करतोय, म्हणजे सगळ्यांच्या पुढे चढतोय, आणि खालून टाळ्या वाजतायत. लीड करणारा पडतो तेव्हा ताणून धक्का पिणारा डायनॅमिक दोर लागतो. पहिल्या चाचणी-पडीत शरीरावर 12 किलोन्यूटनपेक्षा जास्त जोर येऊ न देणं ही त्या दोराची जागतिक अट आहे. स्टॅटिक दोर उतरायला, ओझी ओढायला, बचावकार्याला उत्तम, पण तो फारसा ताणला जात नाही. त्यावर मोठी पड झाली तर तो जोर मुलाच्या कण्यावर आणि वरच्या बोल्टवर येईल. त्या मुलाच्या घरी हे कोणी सांगितलंय?

तुम्ही म्हणाल, फॉर्मवर सही होती. होती. जोखीम मला मान्य आहे असं मी लिहून दिलं होतं, आणि ते खरंही आहे. दगड कोसळण्याची, मधमाश्यांची, माझा हात थकण्याची जोखीम मी मान्य केली होती. दोर किती लांब आहे हे कोणी मोजणार नाही, याला मी मान्यता दिली नव्हती. ती मागितली असतीत तर मी गाडीत बसलेच नसते.

हा खेळ महाराष्ट्रात ज्यांनी रुजवला त्यांच्याकडे मी तो शिकले. मुंबईत गिरिविहार 1954 पासून आहे. मुंब्र्याच्या, कान्हेरीच्या दगडांवर पिढ्यान्पिढ्या रविवारच्या रविवार घासल्या, मग त्यातले काही तैलबैल्याच्या भिंतीवर, नागफणीवर, वानरलिंगीवर आणि थेट कोकणकड्यावर गेले. या मंडळींनी कधीकधी अर्धा सुळका चढून परतीचा निर्णय घेतला, कारण ऊन कललं होतं किंवा एखाद्याचं मन लागत नव्हतं. मला शिकवणाऱ्या काकांनी माझी गाठ बघितल्याशिवाय मला कातळाला हात लावू दिला नाही, आणि त्यांची गाठ मला तपासायला लावली. मला तेव्हा संकोच वाटायचा. आज कळतं, त्यांना चूक होण्याची भीती होती आणि ती भीती ते लपवत नव्हते. तुमच्याकडे पैसे घेऊन येणाऱ्या मुलांना असं कोणी भेटतच नाही. मुलं तुम्हालाच गुरू समजतात, तुमच्यासारखं व्हायचं म्हणतात, आणि वर्षभरात स्वतःच्या बॅच काढू लागतात. तुम्ही न मारलेली गाठ तीही मारणार नाहीत.

म्हणून माझा मोठा राग तुमच्या चुकीवर नाही, तुम्ही ती पुसून टाकलीत याच्यावर आहे. चुका निष्णात माणसांकडूनही होतात. अमेरिकेतला अल्पाइन क्लब 1948 पासून तिथल्या चढाईतल्या अपघातांचे अहवाल प्रसिद्ध करतो. काय घडलं, कोणती गाठ नव्हती, काय केलं असतं तर टळलं असतं, हे त्यात सरळ लिहिलेलं असतं. दोराच्या टोकावरून निसटल्याचे अपघात त्यात वर्षानुवर्षं येत आले आहेत, आणि ते वाचून लोक टोकाला गाठ मारायला शिकले आहेत. आपल्याकडे अपघाताची बातमी होते, मग श्रद्धांजली किंवा शुभेच्छा, मग पुढची बॅच. कारण कुठेच उरत नाही. मी वाचले म्हणून माझ्या अपघाताचं कारण सांगायला मी आहे. जे वाचले नाहीत त्यांच्या नावापुढे ‘पाय घसरला’ एवढंच लिहिलेलं राहतं.

राज्य सरकारने 2021 मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण काढलं. आयोजकाने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. तुमची आहे का, हे मी तुमच्या पानावर शोधलं. तिथे फी आहे, जेवणात काय मिळेल ते आहे, टी-शर्टचा रंग आहे.

मी पुन्हा सरावाच्या भिंतीवर चढू लागले आहे. टॉप रोप, म्हणजे वरून बांधलेला दोर लावून, सोप्या पकडींवर, कारण घट्ट बुटात टाच ठणकते. उतरताना अजून छातीत धडधडतं. ते कमी होईल असं फिजिओथेरपिस्ट म्हणतात, आणि माझा त्यांच्यावर विश्वास आहे. नव्याने शिकायला येणाऱ्या मुलींना मी दोराच्या टोकाची गाठ सगळ्यांत आधी शिकवते, आणि का ते पाय दाखवून सांगते.

तुमच्याकडून मला तीन गोष्टी हव्या आहेत. ती पोस्ट काढा आणि त्याच जागी खरं लिहा: दोर किती लांब होता, उतार किती होता, टोक कोणी तपासायचं होतं, गाठ का नव्हती. हाच मजकूर अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघाला पाठवा, म्हणजे शिकवणाऱ्यांच्या हाती पडेल. त्यावर मी माझ्या नावाने सही करायला तयार आहे. आणि वाडीत जा. डोली वाहणाऱ्यांची त्या दिवसाची मजुरी बुडाली, एकाची घोंगडी माझ्याबरोबर ॲम्ब्युलन्समध्ये गेली. मी विचारलं तेव्हा त्यांनी पैसे घेतले नाहीत, तुमच्याकडूनही कदाचित घेणार नाहीत. तरी तुम्ही स्वतः जा, टीममधल्या मुलाला पाठवू नका. हे सगळं होईपर्यंत नवी बॅच काढू नका आणि पुढच्या बॅचसाठी घेतलेली फी परत द्या.