बॉनेटकाका

पार्किंगमध्ये कुणी बॉनेट उघडलं, की त्याला दांडी लावेपर्यंत बॉनेटकाका हजर. पाना नाही, पक्कड नाही, हात पाठीमागे. काका दुरुस्ती करत नाहीत, निदान करतात.

परवा तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींची जुनी पेट्रोल गाडी धडधडत होती. रेस आपोआप वर-खाली. काकांनी नुसता कान पुढे केला. "एअर घेतेय. पीसीव्ही व्हॉल्व्ह गेलाय."

निदान अचूक होतं, हे मान्य केलंच पाहिजे. मग प्रवचन सुरू झालं. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा गॅस खाली चेंबरमध्ये निसटतो. हा व्हॉल्व्ह तो इंजिनच्याच व्हॅक्यूमने ओढून पुन्हा जळायला पाठवतो. आयडलिंगला व्हॅक्यूम जोरात, म्हणून तेव्हा व्हॉल्व्हने जवळजवळ मिटून घ्यायचं. उघडा अडकला तर इंजिनला फुकटची हवा मिळते आणि ते झिंगतं. बंद अडकला तर आत दाब साठून सीलमधून ऑइल गळतं. "१९६१च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियातल्या नव्या अमेरिकी गाड्यांना हा आला. धुरक्यामुळे!"

"पण काका, आहे कुठे तो?"

"इथेच." काकांच्या हाताने एअर फिल्टरपासून बॅटरीपर्यंतचा सगळा मुलूख दाखवला. "कंपनीगणिक जागा बदलते हो." वहिनी हटेनात, तेव्हा त्यांनी ठामपणे एका पाइपावर बोट ठेवलं. तो वायपरच्या पाण्याचा निघाला.

शेवटी गॅरेजचा पोरगा आला. त्याला कॅलिफोर्नियाशी देणंघेणं नव्हतं. चालू इंजिनात न बघताच हात घालून त्याने टॅपेट कव्हरच्या बगलेतून पाइपासकट व्हॉल्व्ह उपसला आणि तोंडावर अंगठा दाबला. धडधड थांबली. इंजिन बंद करून व्हॉल्व्ह कानाशी हलवला. आत खुळखुळ नाही, म्हणजे चिकटलेला. नवा दाबून बसवला, कडक झालेला पाइपही बदलला. काका म्हणाले, "हेच म्हणत होतो मी." खरंच म्हणत होते.

बिल ऐकून मात्र त्यांचा चेहरा पडला. एवढ्या मोठ्या निदानाला एवढीशी रक्कम!

जुना व्हॉल्व्ह त्यांनी पोराकडून मागून घेतला. संध्याकाळी कट्ट्यावर तो हातोहात फिरत होता.

"टॅपेट कव्हरच्या बगलेत असतो," काका सांगत होते, "लोकांना सापडतच नाही."