मामंजींना मिळाले 50 मार्क!

अहो वहिनी, ऐकलंत का? काल रात्री समोरच्यांकडे चांगलीच जुंपली होती. इस्टेटीवरून नाही हो, ॲपवरून! अक्कलकोट रोडला त्यांचा टॉवेलचा कारखाना, त्याचं ते व्यापाऱ्यांसाठीचं ॲप नाही का... त्यात करायच्या कामांची यादी मारुतीच्या शेपटासारखी वाढलेली. आणि जो तो म्हणणार, माझं आधी.

सूनबाई पुण्यात आयटीत होती ना. तिनं कडक भाकरी नि शेंगाचटणीची ताटं बाजूला सारली, वहीत रकाने आखले. म्हणे, आता भांडायचं नाही, मार्क द्यायचे. राइस म्हणतात त्या पद्धतीला, इंटरकॉम नावाच्या कंपनीनं काढलेली. किती जणांना उपयोग, किती फरक पडणार, आपली खात्री किती टक्के, याचा गुणाकार. आणि माणूस किती महिने राबणार त्यानं भागायचं.

मामंजींना हवा गोल फिरणारा टॉवेल, स्क्रीनवर! व्यापारी 200, फरक 3. त्याहून जास्त देताच येत नाही, नाहीतर त्यांनी 10 दिले असते. सून गोड आवाजात म्हणते कशी, "मामंजी, हे मागितलं कितीजणांनी?"

"...एकानं."

झालं! खात्री 50 टक्के, काम सहा महिन्यांचं. आले 50. आणि धाकट्याचं साधं बटण, मागचीच ऑर्डर पुन्हा द्यायचं? व्यापारी तेवढेच, फरक 1च, पण खात्री 80 टक्के, काम महिन्याचं. 160! मामंजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आकडा काही बदलेना.

आपलं सोलापूर तरी मार्कांवरच स्मार्ट सिटी झालं की! जानेवारी 2016, पहिल्या 20 शहरांत नववं. पेढे वाटले लोकांनी. नळाला रोज पाणी तेव्हाही नव्हतंच, पण ते असू द्या...

तर काय सांगत होते, कारखान्याच्या दिवाणजींचं काम! उलाढाल 5 कोटींवर गेली, ई-इन्व्हॉइस सक्तीचं झालं, ते ॲपमध्ये बसवायचं. पण व्यापाऱ्याला त्याचा काय फरक? फरकाला मिळाले 0.25, काम गेलं तळाला. दिवाणजी इतका वेळ गप्प होते. म्हणाले, "सूनबाई, जीएसटीवाले मार्क विचारत नाहीत, दंड लावतात." आता चेहरा पडायची पाळी सूनबाईची! पण पोरगी हुशार हो. मुकाट्यानं ते काम वहीतून काढलं, वर वेगळं लिहिलं. कायद्याचं आधी, त्याला मार्कच नाहीत.

आणि आज? मामंजी सकाळपासून फोनला चिकटलेत. खात्री वाढवायला व्यापाऱ्यांना विचारतायत, गोल फिरणारा टॉवेल हवा का म्हणून. खिडकी उघडीच होती, मी काही मुद्दाम ऐकत नव्हते... हुबळीचा व्यापारी म्हणाला म्हणे, शेठ, फिरवा नंतर, आधी रंग तरी सांगितलेला पाठवा!