थांबण्यास कारण की...

चढावर धाप लागली की थांबावं, याबद्दल वैद्यकशास्त्रात दुमत नाही. पण पन्नाशी उलटलेल्या आणि तरुणपणी नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढल्याचं लोकांना वर्षानुवर्षं ऐकवत आलेल्या माणसाला नुसतं थांबता येत नाही. त्याला थांबण्यास कारण लागतं. सामान्य लोक बुटाची नाडी बांधतात. पण एकाच चढावर सारखी सारखी नाडी सुटायला लागली की मागचे लोक बुटाकडे न बघता तोंडाकडे बघू लागतात. फोटोचं निमित्त त्यातल्या त्यात बरं. मात्र धापेने हात थरथरतो आणि रात्री तंबूत सगळे फोटो हललेले निघतात. म्हणजे आपल्याविरुद्धचा पुरावा आपणच गोळा केलेला. मी यातून वरच्या दर्जाचा मार्ग काढला. मी माहिती देतो.

काश्मीरच्या ‘ग्रेट लेक्स’ ट्रेकला जायचं ठरलं आणि मी साठा करायला लागलो. सोनमर्गपाशी चढायला सुरुवात करायची, निचनई, गडसर आणि झाच अशा तीन खिंडी ओलांडायच्या, वाटेत विशनसर, किशनसर, गडसर, सातसर, नुंदकोल, गंगाबल ही तळी बघायची आणि नारानाग गावात उतरायचं. सगळं मिळून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. बायको पहाटे उठून पर्वतीच्या पायऱ्या चढू-उतरू लागली. तिच्या बहिणीची मुलगीही आमच्याबरोबर येणार होती, ती जिममध्ये घाम गाळत होती. मी वाचत होतो. “अहो, निदान घरी येताना तरी जिन्याने या,” असं बायको म्हणायची. पण जिन्यात वाचता येत नाही, लिफ्टमध्ये येतं.

सोनमर्ग सुमारे २,७०० मीटरवर आहे आणि आपलं कळसूबाई १,६४६. म्हणजे गाडीतून उतरून आम्ही ज्या टपरीवर चहा प्यायलो, तीच महाराष्ट्राच्या माथ्यापेक्षा हजार मीटर वर होती. हे मी सगळ्या गटाला ऐकवलं. त्या वेळी मी खुर्चीत बसलेलो असल्यामुळे आवाज चांगला खणखणीत निघाला.

खरी सुरुवात दुसऱ्या दिवशी भूर्जाच्या झाडीत झाली. पांढऱ्या सालीची, वाकड्यातिकड्या खोडांची झाडं, मध्ये उभी वाट आणि माझ्या छातीत लोहाराचा भाता. मी एका खोडाला हात टेकला आणि म्हणालो, “जरा थांबा. ही साल बघा.” सगळे थांबले. “अठराशे... पंच्याहत्तर साली... ब्यूलर नावाचा... जर्मन पंडित... मुंबई इलाख्याच्या... शिक्षण खात्यातून... इथे आला.” त्याने काश्मीरमधून भूर्जपत्रावरच्या पोथ्या मिळवल्या. त्यातली शारदा लिपीतली ऋग्वेदाची पोथी आज पुण्याच्या भांडारकर संस्थेत आहे आणि संस्थेतल्या ऋग्वेदाच्या तीस हस्तलिखितांची २००७ साली युनेस्कोने ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’मध्ये नोंद केली. हे सगळं सांगून होईपर्यंत माझा श्वास जागेवर आला होता. गटातल्या नाशिकच्या एक बाई भारावून म्हणाल्या, “किती छान थांबून थांबून सांगता हो तुम्ही!”

माझी पद्धत सिद्ध झाली. निचनईच्या खिंडीपर्यंत मी मेंढपाळांच्या वाटा, हिमनद्यांनी कोरलेल्या दऱ्या आणि सिंध नावाची काश्मीरमधली नदी वेगळी व पंजाबातून वाहत जाणारी सिंधू वेगळी, एवढा ऐवज खर्च केला. सिंध-सिंधू प्रकरण तर मी दोन हप्त्यांत विभागून सांगितलं, कारण मध्येच एक उभा टप्पा आला.

संध्याकाळी जेवणाच्या तंबूत ऑक्सिमीटर फिरायचा. उंचीवर रोज प्रत्येकाच्या रक्तातला प्राणवायू तपासतात. हेतू आरोग्याचा, पण एकदा आकडा आला की मराठी माणसाला त्यात नंबर काढल्याशिवाय राहवत नाही. “तुझे किती?” “एक्क्याण्णव.” “जोशींचे बघ, अठ्ठ्याऐंशीच!” माझ्या बायकोचे चौऱ्याण्णव आले. नाशिकच्या बाईंचे त्र्याण्णव. माझे चौऱ्याऐंशी. आमचा लीडर, सोनमर्गच्याच बाजूचा एक शिडशिडीत मुलगा, म्हणाला, “अंकल, पानी ज़्यादा पियो.” बोट गार असेल तर यंत्र आकडा कमी दाखवतं, हे माझ्या कानावर आलं होतं. दुसऱ्या दिवशी मी माझी पाळी येईपर्यंत बोट चहाच्या ग्लासला चिकटवून बसलो. एक्क्याण्णव आले. ते गुण चहाचे होते, पण वहीत माझ्या नावापुढे मांडले गेले.

विशनसरच्या काठी मी पुन्हा रंगात होतो, कारण तिथे सपाटी आहे. तळं एवढं निळं होतं की मला एक क्षण काही सुचेना. मग ट्राउट आठवला. हा मासा मूळचा इथला नव्हे. १९०० च्या सुमारास साहेबाने त्याची अंडी विलायतेहून बोटीने आणवली. पहिली खेप वाटेतच मेली, तेव्हा दुसरी मागवली. शिवाय याच तळ्यातून निघणारं पाणी पुढे किशनगंगा होतं आणि नियंत्रण रेषेपलीकडे गेलं की नीलम. मी सांगत होतो आणि भाची माझ्याकडे डोळे बारीक करून बघत होती. रात्री ताटं धुताना ती मावशीच्या कानात म्हणाली, पण आवाज माझ्यापर्यंत पोचेल असा, “मावशी, तुझ्या लक्षात आलंय का? काकांना उतारावर एकदाही माहिती आठवत नाही.”

दुसऱ्या दिवशी गडसर. या वाटेवरची ही सर्वांत उंच खिंड, ४,२०० मीटरच्या आसपास. आदल्या रात्री लीडरने समजावलं होतं की तिथेही हवेत प्राणवायूचं प्रमाण पुण्याइतकंच, म्हणजे २१ टक्के असतं. फक्त हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्के, त्यामुळे दर श्वासाला माल कमी पोचतो. ऐकताना मी मान डोलावली. पण बोलायलाही हवाच लागते, ही बाब माझ्या योजनेत धरलेली नव्हती. किशनसर मागे पडलं, चढ सुरू झाला आणि मी “ऑरेल स्टाइनने...” एवढं म्हणून थांबलो. पुढचं वाक्य फार सुंदर होतं. स्टाइनने राजतरंगिणीचं इंग्रजी भाषांतर १९०० साली प्रसिद्ध केलं आणि याच सिंध खोऱ्यावरच्या मोहंद मर्गवर तो उन्हाळ्यात तंबू ठोकून राहत असे. पण स्टाइनने काय केलं ते कोणाला कळलं नाही. भाची म्हणाली, “काका, स्टाइनने बसून घ्यायला सांगितलंय. बसा.”

मी बसलो. शेजारून दोनशे-अडीचशे मेंढ्या चढून गेल्या. त्यांच्यामागून बकरवालांचा एक मुलगा गेला, काखेत कोकरू आणि पायात रबरी बूट. तो गाणं म्हणत होता. चढावर गाणं!

लीडरने घोडेवाल्याला हाक मारली. आमचे सगळे घोडे तंबूंच्या ओझ्याखाली होते. फक्त स्वयंपाकाच्या घोड्याचं ओझं आम्हीच खाऊन खाऊन हलकं केलं होतं. अडचण एकच. त्याच्या पाठीवर सर्वांत वर, घोंगडीत गुंडाळून, अंड्यांचे दोन ट्रे बांधलेले होते. घोडेवाल्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मग ट्रेकडे बघितलं आणि लीडरला विचारलं, “साब बैठेंगे तो अंडा कहाँ बैठेगा?” बराच खल झाला. शेवटी पातेली एका बाजूला, कोबी-बटाट्याचं पोतं दुसऱ्या बाजूला, मध्ये मी आणि माझ्या मांडीवर अंडी, असं ठरलं. “अंकल, दोनों हाथ से पकड़ना,” लीडर म्हणाला. मी घोड्यावरून पडलो तर काय करायचं, याबद्दल कोणीच काही बोललं नाही.

असा मी गडसरच्या वाटेला लागलो. ज्यांना मी भूर्जपत्रापासून शहाणं करत आणलं होतं, ते सगळे बाजूला उभे राहून वाट देत होते. नाशिकच्या बाईंनी फोटो काढला; त्यांचा हात अजिबात थरथरला नाही, तो फोटो आजही स्पष्ट दिसतो. खाली विशनसर आणि किशनसर एकाच नजरेत दिसायला लागली होती. हे दृश्य बघायला लोक कुठून कुठून येतात. मी अंड्यांकडे बघत होतो. घोडा कडेकडेने चालायचा, मध्येच गवताला तोंड लावायचा आणि त्याची मान खाली गेली की दोन्ही ट्रे उताराकडे झुकायचे. साठ अंडी, पुठ्ठ्याच्या खळग्यात एकमेकांना किंचित हादरत, आणि त्यांच्यावर पालथे पडलेले माझे दोन्ही हात. आयुष्यात मी इतक्या एकाग्रतेने काही धरल्याचं आठवत नाही. लग्नात अंतरपाटापलीकडे हार धरून उभा होतो, तेव्हाही नाही.

खिंडीखालचा शेवटचा टप्पा घसाऱ्याचा आहे, तिथे स्वाराने उतरायचं असतं. मी उतरलो. घोडेवाला म्हणाला, “अब अंडा वापस बाँधने का टाइम नहीं,” आणि घोडा घेऊन गेला. म्हणजे शेवटचा चढ मी पायीच चढलो, तेही दोन ट्रे छातीशी धरून आणि एक अक्षर न बोलता. वर पोचलो तेव्हा टाळ्या पडल्या. त्या अंड्यांसाठी होत्या. रात्री लीडरने जाहीर केलं, “आज एक भी अंडा नहीं टूटा!” त्या संपूर्ण ट्रेकमध्ये माझी अधिकृत प्रशंसा झाली ती एवढीच.

पुढे लष्कराच्या चौकीवर ओळखपत्रं तपासली. जवानाने माझं आधार कार्ड, माझा चेहरा, पुन्हा आधार कार्ड असं दोनदा बघितलं आणि सहानुभूतीने सोडून दिलं. सातसरला नावाप्रमाणे सात तळी असतात म्हणे. मी मोजली नाहीत.

तिथून जवळच बकरवालांची उन्हाळ्यापुरती दगड-मातीची घरं लागली. एका म्हातारीने बाहेर बसवून मिठाचा चहा आणि मक्याची रोटी दिली. पहिला घोट घेताना माझं तोंड कसं झालं ते नंतर भाचीने करून दाखवलं. दुसरा पेला मात्र मी मागून घेतला. बसलेला असल्यामुळे मला माहिती सुचली. मी लीडरला म्हटलं, आजींना सांग, बकरवाल लोक हिवाळ्यात जम्मूकडच्या पायथ्याला असतात आणि उन्हाळा लागला की जनावरं घेऊन चालत इथवर येतात. त्याने सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग तिने विचारलं, “तुम्ही कशाला आलात?”

“तलाव बघायला.”

“तुमच्या गावात तलाव नाहीत?”

“आहेत. कात्रजचा आहे, पाषाणचा आहे.”

“मग?”

लीडर माझ्या उत्तराची वाट बघत होता. मी रोटीचा तुकडा चावत राहिलो.

झाच खिंडीवर मी सर्वांच्या शेवटी, पण पायी पोचलो. समोर हरमुख, खाली नुंदकोल आणि गंगाबल. याच हरमुखवरून १८५६ साली माँटगोमेरी नावाच्या सर्वेक्षकाने दूरच्या काराकोरमचं रेखाटन केलं आणि ठळक दिसणाऱ्या दोन शिखरांना के-१ आणि के-२ असे क्रमांक दिले. जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या शिखराला जे नाव चिकटलं, ते इथून. ही माझ्या साठ्यातली सर्वांत मौल्यवान चीज होती. घरून निघाल्यापासून मी ती या जागेसाठी राखून ठेवली होती. मी ती धाप न लागता, एका दमात, हातवारे करून सांगितली. सांगून झाल्यावर बघितलं तर सगळे सेल्फी काढत होते. घोडेवाला तेवढा ऐकत होता. तो म्हणाला, “अच्छा,” आणि घोड्याचा पट्टा आवळायला लागला.

नारानागची उतरण ही दमाची नाही, गुडघ्यांची परीक्षा आहे. गंगाबलपासून गावापर्यंत हजार मीटरहून जास्त खाली यायचं, त्यात रात्री पाऊस पडून गेलेला आणि पाइनच्या सुया ओल्या मातीवर पसरलेल्या. मी आधी सरळ उतरलो, मग तिरका, मग उलटं तोंड करून. उलटं उतरताना आलेला डोंगर दिसतो, एवढाच त्याचा फायदा. खाली गावात आठव्या शतकातली मंदिरं आहेत, भूतेश शिवाची, ललितादित्याच्या काळाशी जोडलेली, शेजारी दगडात बांधलेलं झऱ्याचं पाणी. यावर माझ्याकडे निदान वीस मिनिटांचा मजकूर तयार होता. भाची मुद्दाम थांबली. नाशिकच्या बाई थांबल्या. सगळा गट माझ्याभोवती गोळा झाला. “काका, सांगा ना.”

मी मंदिराच्या चौथऱ्याला धरून उभा होतो. दोन्ही पोटऱ्या स्वतंत्रपणे थरथरत होत्या.

“जुनं आहे,” मी म्हणालो.

तुम्हाला जायचं असेल तर जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत जा. त्याआधी निचनईवर बर्फ असतो. चौक्यांसाठी ओळखपत्राच्या झेरॉक्स जास्तीच्या ठेवा. मिठाच्या चहाला नाही म्हणू नका. आणि पहिल्याच संध्याकाळी, बाकी कोणाशीही ओळख करून घेण्याआधी, स्वयंपाकाच्या घोडेवाल्याशी करून घ्या.